जेवलास का बे

कालपासून डोक्यात एकच घोळतंय. ते हसले कशाला?

पोरगं सोलापूरच्या पूर्व भागातलंच, यंत्रमागांच्या वस्तीतलं, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. परफॉर्मन्स म्हणे. स्पीकरवर यंत्रमागांचा खडखडाट लावला आणि त्यापुढे सावधान उभं राहून राष्ट्रगीत म्हटलं. ५२ सेकंद. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, पण कानावर एक अक्षर नाही. ओठांवरून कळलं तसे आम्ही उठलो, कोणी आधी, कोणी शेजाऱ्याकडे बघून. मग त्याच गोंगाटात तो ओरडला, "जेवलास का बे?" आणि नेमका तेव्हाच स्पीकर बंद. तेवढं एकच वाक्य हॉलभर दणाणलं. लोक हसले.

काय होतं हसण्यासारखं? माझे वडील, अप्पा, असंच विचारतात. मागाच्या शेडमध्ये धोट्याच्या ठोक्यात एक तर खुणांनी बोलायचं, नाहीतर कानाला तोंड लावून ओरडायचं. पाळी सुटली तरी घसा खाली येत नाही. कानांचं तर... जाऊ दे. लहानपणी वाटायचं, हा माणूस कायम चिडलेला. गल्लीत त्याच आवाजाचा दरारा. बाप्या माणसानं असंच बोलायचं असतं, म्हणून मीही तो उचलला. आता ऑफिसात "जरा हळू बोला" ऐकून घेतो. आई दिवसभर विड्या वळायची. तिच्या आवाजाचं कुणी काही म्हटल्याचं आठवतच नाही.

कार्यक्रमाआधी सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर भाषण झालं होतं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१, येरवड्याच्या तुरुंगात फाशी. टाळ्या. मे १९३० मध्ये, इथे मार्शल लॉ म्हणजे लष्करी कायदा लागण्याआधी, रस्त्यावर उतरलेले गिरणीकामगार काय मंजुळ आवाजात घोषणा देत होते? तो गळा घोषणा देतो तेव्हा टाळ्या, जेवलास का विचारतो तेव्हा हशा. का?

बरं, हॉल सोलापूरचा. हसणाऱ्यांत निम्म्यांच्या घरी एखादे अप्पा असणारच. ओळख पटली म्हणूनही हसले असतील. पुढच्या रांगेतले एक काका तर डोळे पुसत हसत होते. कशाचे डोळे, कोण जाणे.

हे सगळं बायकोला सांगत होतो. ती म्हणाली, "अहो, पण ओरडताय कशाला?"

अप्पांनाही सांगितलं. दोनदा, कारण पहिल्यांदा "आँ?" झालं.

"तिकीट किती होतं बे?"

"फुकट."

"मग हसू दे की!"

शेजारच्यांनीही ऐकलं असणार.