कोपनहेगन ते पिसा : अपेक्षाभंग कुठे होतो आणि तो टाळायचा कसा

युरोपची पहिली सहल ठरवताना बहुतेक जण जी यादी करतात, तीच आमचीही होती. कोपनहेगनची जलपरी, ब्रुसेल्सचा तो लहानगा मुलगा, पॅरिसची मोनालिसा, मग व्हेनिस आणि शेवटी पिसाचा मनोरा. बरोबर आई आणि दादा. गंमत म्हणजे ‘जाऊन आलो, पण विशेष काही वाटलं नाही’ असं लोक ज्या ठिकाणांबद्दल सांगतात, त्यातही ही पाच नावं हमखास असतात. परत आल्यापासून बरेच जण विचारताहेत, जावं की नको? पाचांना मिळून एक उत्तर देता येत नाही. दोन ठिकाणं मुद्दाम वाट वाकडी करून जाण्याइतकी नाहीत. एक आहे, पण तिथे सगळी गर्दी एकाच चौकटीसमोर अडकून पडते. आणि व्हेनिसची बदनामी तर मुख्यतः सहलींच्या वेळापत्रकामुळे झाली आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात कोपनहेगनपासून. लांगेलिनीच्या काठावर दगडांवर बसलेली जलपरी अवघी सव्वा मीटर उंच आहे. एडवर्ड एरिक्सन या शिल्पकाराने घडवलेला हा ब्राँझचा पुतळा १९१३ साली इथे बसवला. फोटोत मागे नुसतं पाणी दिसतं, आजूबाजूला माणूस नसतो, त्यामुळे आकाराचा अंदाजच येत नाही. प्रत्यक्षात पलीकडच्या तीरावर जुन्या औद्योगिक इमारती आहेत आणि अलीकडे पुतळ्याला खेटून फोटो काढणाऱ्यांची रीघ. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, ही तर आपल्याएवढीच आहे की!” तिला ते आवडलं होतं, दादाला अजिबात नाही.

तुम्ही जाणार असाल तर दोन गोष्टी. पहिली म्हणजे कालव्यांच्या बोटफेरीतून जलपरी ‘दाखवतात’ तेव्हा बोट पाण्याच्या बाजूने जाते, म्हणजे दिसते ती मुख्यतः तिची पाठ. फक्त तिच्यासाठी बोटीचं तिकीट काढू नका. बोटफेरी शहर बघायला छान आहे, ते वेगळं. दुसरी, पुतळ्याला ना कुंपण ना तिकीट, त्यामुळे वेळ आपल्या हातात असते. जूनमध्ये तिथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पर्यटकांच्या बसगाड्या गेल्यावर, संध्याकाळी उशिरा जा. ओस्टरपोर्ट स्टेशनवरून चालत जाता येतं आणि वाटेत कास्टेलेट हा चांदणीच्या आकाराचा सतराव्या शतकातला किल्ला लागतो. त्याच्या तटावरून हिरवळीतून फिरायला मिळतं, वर एक पवनचक्कीही आहे. आमची ती संध्याकाळ खरं तर किल्ल्यावरच गेली.

ब्रुसेल्सबद्दल थोडक्यात. मानेकन पिस म्हणजे शू करणाऱ्या मुलाचा पुतळा साधारण ५५ सेंटीमीटरचा आहे. आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर जो दिसतो तो मूळ पुतळा नाही, प्रत आहे. सतराव्या शतकातला मूळ पुतळा ग्रँड प्लासवरच्या नगर संग्रहालयात ठेवला आहे. त्याचे कपडे ठेवलेलं छोटं संग्रहालय पुतळ्याजवळच आहे. जगभरातून भेट आलेले हजारावर पोशाख त्याच्याकडे आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर ती तिथे रमतात. पण ब्रुसेल्सला थांबायचं ते ग्रँड प्लाससाठी. १६९५ मध्ये फ्रेंच तोफांनी हा चौक जवळजवळ बेचिराख केला आणि व्यापारी संघांनी पुढच्या मोजक्या वर्षांत तो पुन्हा उभा केला. चौकात उभं राहून एकेका इमारतीचा माथा बघत गेलं तर तास कुठे जातो कळत नाही. अंधार पडल्यावर, दिवे लागल्यावर पुन्हा एकदा जा. पुतळा तिथून पाच मिनिटांवर आहे, येता-जाता बघून होतो.

आता पॅरिस. अपेक्षाभंगाबद्दल बोलायचं तर या शहराचं नाव एका मानसिक अवस्थेलाच मिळालं आहे. हिरोआकी ओटा या पॅरिसमध्ये काम करणाऱ्या जपानी मानसोपचारतज्ज्ञाने, मनातलं पॅरिस आणि समोरचं पॅरिस यांचा मेळ न बसल्याने काही जपानी प्रवाशांना होणारा त्रास नोंदवला. तो ‘पॅरिस सिंड्रोम’ म्हणून ओळखला जातो. इतक्या टोकाला फार थोडे जातात, पण लूव्र संग्रहालयात मोनालिसाच्या दालनातून बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे बघितले की ओटांना काय दिसलं असेल याची कल्पना येते.

चित्र ७७ सेंटीमीटर उंच आणि ५३ सेंटीमीटर रुंद. पुढे बंदुकीची गोळी अडवणारी काच, त्याच्या पुढे कठडा, त्याच्या पुढे दोऱ्या लावून वळवलेली रांग. या दालनात दिवसाला वीस हजारांहून जास्त माणसं येतात. कठड्यापाशी पोहोचलं की अर्धा मिनिट मिळतो, तेवढ्यात रखवालदार पुढे सरकायला सांगतात. आमच्या पुढच्या बाई कॅमेऱ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, फोटो काढला आणि चित्राकडे एकदाही न बघता निघून गेल्या. मला त्यांचा राग नाही आला, वाईट वाटलं. कारण तिथवर येण्यासाठी त्यांनीही पैसे साठवलेच असतील.

या चित्राची एवढी कीर्ती का झाली, हे जायच्या आधी माहीत असलं तर बघणं सोपं होतं. चित्र मोठ्या दर्जाचं आहेच. पण घराघरात नाव पोहोचलं ते १९११ च्या ऑगस्टमधल्या चोरीनंतर. लूव्रमध्ये काम केलेल्या विन्चेन्झो पेरुजा या इटालियन माणसाने ते पळवलं, दोन वर्षांहून जास्त काळ ते गायब होतं आणि १९१३ च्या डिसेंबरात फ्लॉरेन्समध्ये सापडलं. मधल्या काळात वर्तमानपत्रांतून तिचा चेहरा जगभर गेला. लोक भिंतीवरची रिकामी जागा बघायलासुद्धा रांगा लावत होते. आपण जिची अपेक्षा घेऊन जातो ती त्या छापील चेहऱ्याची असते. लिओनार्दोने चेहऱ्यावर छाया आणि प्रकाश इतके विरघळवून लावलेत की कडा कुठे संपते ते सापडू नये, पण चार-पाच मीटरवरून, काचेतून, डोक्यांच्या गर्दीतून ते कसं दिसणार?

ते बघायचं असेल तर त्याच मजल्यावरच्या ग्रांद गॅलरीत जा. लिओनार्दोचीच ‘खडकांमधली मेरी’, ‘संत अ‍ॅन’ आणि ‘संत योहान’ ही चित्रं तिथे लावलेली असतात, आणि मोनालिसासमोर असते तशी रेटारेटी तिथे नसते. संत योहानाच्या चेहऱ्यावर तेच हसू आहे. आई त्यासमोर हातभर अंतरावर उभी राहून हवं तेवढा वेळ बघत होती.

आणि मोनालिसाच्या दालनात असताना एकदा पाठ वळवा. समोरच्या भिंतीवर वेरोनेझे या चित्रकाराचं ‘काना गावातलं लग्न’ हे चित्र आहे, जवळजवळ ६.८ मीटर उंच आणि १० मीटर रुंद, त्यात शंभराहून जास्त माणसं, वाजंत्री, कुत्री, वाढपी. लूव्रमधलं हे सर्वांत मोठं चित्र. व्हेनिसच्या सान जॉर्जो माज्जोरे मठातल्या भोजनगृहाच्या भिंतीवरून नेपोलियनच्या सैन्याने १७९७ मध्ये ते उतरवलं आणि तुकडे करून पॅरिसला आणलं. त्याला पाठ करून सगळं दालन उभं असतं.

तिकिटाचं सांगायचं तर लूव्र मंगळवारी बंद असतं. बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. तेव्हा गर्दी बरीच ओसरते, आम्ही तेव्हाच गेलो. वेळेचं तिकीट संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून आधी काढा. वर काचेच्या पिरॅमिडपाशी रांग फारच लांब असेल तर जमिनीखालच्या कारुझेल दालनातूनही आत जाता येतं. आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर एका वेळी एकच विंग ठरवून घ्या. ‘सगळं लूव्र’ बघायचा हट्ट धरला की मोनालिसापेक्षा मोठा हिरमोड पायांच्या दुखण्याने होतो.

व्हेनिसबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण या शहरावर फार अन्याय होतो. गर्दी, महागाई, कालव्यांचा वास, ‘दोन तासांत संपलं’, हे सगळं मी जायच्या आधी ऐकलं होतं. यातला प्रत्येक शब्द सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत खरा आहे. रिआल्तोचा पूल आणि सान मार्को चौक यांच्या मधल्या गल्ल्यांत त्या वेळी पाय ठेवायला जागा नसते. बहुतेक सहलींत व्हेनिसला नेमके हेच तास दिलेले असतात. सकाळी बसने यायचं, बोटीने चौकात उतरायचं, काचकाम बघायचं, परत. त्यावरून शहराचं मत बनवणं म्हणजे दाराशी उभं राहून घर कसं आहे ते सांगण्यासारखं.

आम्ही बेटावरच मुक्काम केला. मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेमध्ये हॉटेलं स्वस्त असतात आणि तिथून रेल्वेने दहा-बारा मिनिटांत येता येतं, म्हणून बहुतेक जण तिथे राहतात. पैशांची फार ओढाताण नसेल तर एक रात्र तरी बेटावर काढा. दुसरीकडे कुठे काटकसर करा, इथे नको. संध्याकाळी शेवटचे सहलीवाले गेल्यावर कास्तेल्लो आणि कान्नारेज्जो या भागांत शहर आपल्या मूळ रहिवाशांकडे परत जातं. ते रहिवासीही आता किती थोडे उरलेत! १९५१ मध्ये या ऐतिहासिक भागात पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते, आता पन्नास हजारसुद्धा नाहीत. आमच्या खोलीखालच्या कालव्यात सकाळी साडेसहाला मालवाहू होडी लागायची; पाण्याच्या बाटल्यांची खोकी, लाँड्रीच्या पिशव्या, एकदा तर अख्खं वॉशिंग मशीन दोघांनी मिळून पायऱ्यांवर चढवलं. चाकाचं वाहन नसलेलं शहर चालतं कसं, ते खिडकीतून दिसत होतं. दादाचं व्हेनिसबद्दलचं मत त्या खिडकीतच बदललं.

सामानाचं मात्र नीट ऐका. बेटावर चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. खोली बुक करताना नकाशावर बघा की वापोरेत्तोच्या म्हणजे तिथल्या प्रवासी बोटीच्या थांब्यापासून खोलीपर्यंत मध्ये पूल किती लागतात. एकही नसेल अशी जागा निवडा. गुडघे दुखत असलेली आई आणि दोन मोठ्या बॅगा असताना ही एक गोष्ट बाकी सगळ्या सोयींपेक्षा मोलाची ठरते.

एका दिवसापुरतं येणाऱ्यांसाठी २०२४ पासून प्रवेशशुल्क सुरू झालं आहे. ते वर्षभर नसतं. एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी, दिवसाच्या ठरावीक तासांतच असतं. सुरुवातीला ते ५ युरो होतं, २०२५ पासून ऐनवेळी काढणाऱ्यांना १० युरो पडू लागले. बेटावर मुक्काम असेल तर शुल्क माफ असतं, पण माफीची नोंद ऑनलाइन करून तो कोड जवळ ठेवावा लागतो. जायच्या आधी त्या वर्षाच्या तारखा बघून घ्या.

सान मार्कोच्या उंच घंटाघरावर जायला रांग लागते. त्याऐवजी समोरच्या सान जॉर्जो माज्जोरे बेटावर जा, बोट क्रमांक २, एकच थांबा. तिथल्या चर्चच्या घंटाघराला लिफ्ट आहे आणि वरून सान मार्कोसकट सगळं व्हेनिस दिसतं. वेरोनेझेचं ते चित्र जिथून नेलं तो मठ हाच. त्या भोजनगृहात २००७ पासून मूळ मापाची हुबेहूब प्रत लावली आहे. मार्गदर्शकासोबतच्या फेरीत ती बघता येते, आधी नाव नोंदवा. पॅरिसला मूळ चित्र बघितलेल्या माणसाने तर ही संधी सोडूच नये. ज्या भिंतीसाठी ते रंगवलं होतं त्या भिंतीवर ते वेगळंच दिसतं.

गोंडोलाचे सरकारी दर ठरलेले आहेत, दिवसा अर्ध्या तासाला पूर्ण होडीचे ९० युरो. नुसतं गोंडोलात बसायची हौस असेल तर ग्रँड कालवा ओलांडून देणारा त्रागेत्तो, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायचा गोंडोला, थोडक्या पैशांत तो अनुभव देतो, दोनच मिनिटांचा का होईना.

राहिलं पिसा. मनोऱ्याला हात टेकवून फोटो काढायचा आणि पुढच्या बसने निघायचं, एवढंच करणार असाल तर नाही गेलात तरी चालेल. पण मनोरा ज्या आवारात आहे ते आवार मला मनोऱ्यापेक्षा जास्त आवडलं. ११७३ मध्ये बांधकाम सुरू झालं, खालची माती मऊ निघाली आणि तिसरा मजला होईपर्यंतच तो कलू लागला. मग जवळजवळ शतकभर काम थांबलं. तेवढ्या काळात माती दबून घट्ट झाली म्हणूनच तो आज उभा आहे. १९९० ते २००१ तो बंद होता. उत्तरेकडच्या बाजूची माती थोडी थोडी काढून त्याचा कल साडेपाच अंशांवरून चारच्या आसपास आणला. वर चढायला ठरलेल्या वेळेचं वेगळं तिकीट लागतं, पायऱ्या अडीचशेच्या वर आहेत, बॅग नेता येत नाही आणि आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत.

आम्ही चढलो नाही. त्याऐवजी काम्पोसान्तो या आच्छादित दफनभूमीत गेलो. १९४४ च्या जुलैमध्ये युद्धातल्या माऱ्यात तिच्या छताला आग लागली, शिसं वितळून भिंतींवरून ओघळलं आणि जुनी भित्तिचित्रं करपली. ‘मृत्यूचा विजय’ हे त्यातलं सर्वांत थोर चित्र अनेक दशकांच्या दुरुस्तीनंतर २०१८ मध्ये पुन्हा जागेवर आलं. त्यासमोर आम्ही तिघंच होतो.

फ्लॉरेन्सहून जाणार असाल तर रेल्वेला साधारण तास लागतो. पिसा चेंत्राले स्टेशनपासून मनोरा वीस-पंचवीस मिनिटं चालत आहे. पिसा सान रोस्सोरे हे छोटं स्टेशन मात्र अगदी जवळ पडतं आणि तिथून लुक्का या जवळच्या शहराची गाडी मिळते. सकाळी लवकर पिसा उरकून दुपारी लुक्काला जा. तिथला तट पूर्ण शाबूत आहे, चार किलोमीटरहून थोडा जास्त, वर झाडांची सावली आणि सपाट रस्ता. सायकली भाड्याने मिळतात. आईसाठी चार चाकांची, छत असलेली मिळाली. पायडल दादाने मारले.