बाईंचं 'विथ'

लालबाग-परळच्या मराठी शाळांत तेव्हा इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. दहावीच्या बोर्डापर्यंत हातात जेमतेम सहा वर्षं. तेवढ्यात स्पेलिंगं आणि काळ पक्के झाले तरी पुष्कळ, असं सगळे म्हणत. आमच्या इंग्रजीच्या बाईंना मात्र ते पुरेसं वाटत नसे. मुलांना परक्या भाषेत खट्टू होताही आलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह.

'डिसअपॉइंटेड' या शब्दावर त्यांनी अख्खा तास घेतला. शब्द जुन्या फ्रेंचमधला, मूळ अर्थ पदावरून काढून टाकणं, हे जाता जाता सांगितलं. खरा भर पुढच्या बारक्या शब्दांवर. निकाल, हस्ताक्षर, काम मनासारखं नसेल तर 'विथ'. एखादी बातमी ऐकून हिरमोड झाला तर 'अ‍ॅट' किंवा 'बाय'. आणि 'इन' आलं की रोख बहुधा माणसावरच. 'आय अ‍ॅम डिसअपॉइंटेड इन यू' म्हणजे तू माझ्या मनातून उतरलास. माझ्या प्रगतिपुस्तकात, वह्यांत बाईंच्या लाल शाईत 'विथ' पुष्कळदा आहे. 'इन' एकदाही नाही.

मग 'लेट डाउन' आणि 'फ्रस्ट्रेटेड'. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला होता, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते, आणि वर्गातल्या बहुतेकांचे वडील त्यांत. बाई म्हणाल्या, ज्याच्या भरवशावर राहिलो त्यानं ऐनवेळी हात वर केले, तर 'लेट डाउन'. अंगात ताकद आहे, कामाची तयारी आहे, पण वाटच अडलेली, ते 'फ्रस्ट्रेटेड'. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "बाई, आमचे बाबा दोन्ही." बाईंनी 'माय फादर'पासून सुरू होणारी दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली आणि त्यालाच मोठ्यानं वाचायला लावली.

फोर्टातल्या ऑफिसात माझा दिवस इंग्रजी पत्रव्यवहारात जातो. चूक रिपोर्टातल्या एका आकड्याची असते आणि मेलमध्ये सर्रास 'इन यू' येतं. नवी पोरं दिवसभर मान वर करत नाहीत. मी मसुदा हाती आला की तिथं 'विथ' करतो, वाक्यही माणसावरून कामावर आणतो.

२०००पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. वेळ भरपूर मिळतो. आजच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती, त्यातला एक तास या बारक्या शब्दांना जरूर द्यावा.