काझाची ‘गरम खोली’ आणि चार बादल्या लाकूड

आधीच सांगून टाकतो. हिवाळ्यात हिमाचलमधल्या स्पितीला जाणार असाल तर ‘सेंट्रली हीटेड’ लिहिलेल्या हॉटेलात एक रुपयाही आगाऊ भरू नका. आम्ही भरला.

आम्ही तिघं. मी बेळगावातल्या शहापूरचा, एक खानापूरचा, एक निपाणीचा. थंडीशी आमची ओळख म्हणजे डिसेंबरात पारा बारा-तेरावर आला की कानटोपी, जांबोटीकडं मुक्काम पडला तर शेकोटी आणि घरी आंघोळीला तांब्याचा बंब. सह्याद्रीतले घाट आणि किल्ले तिघांच्याही पायाखालचे, त्यामुळं थर्मल कुठलं घ्यायचं, बूट कसले हवेत हे इथं सांगत बसत नाही. ते विचारायची वेळ येत असेल तर फेब्रुवारीत तिकडं जाऊच नका.

गोवा एक्सप्रेसनं दोन रात्री काढून दिल्ली, तिथून रात्रीच्या बसनं सिमला. मनालीहून कुंझुम खिंडीतला (४,५५१ मीटर) रस्ता हिवाळाभर बर्फाखाली असतो, म्हणून सिमला, रामपूर, रिकाँग पिओ, नाको, ताबो, काझा ही एकच वाट उरते. काझा हे स्पितीतलं मुख्य गाव, साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. कल्पाला आणि ताबोला मुक्काम करत हळूहळू चढा, एका दमात जाऊ नका. ताबोचा मठ इ. स. ९९६ चा आहे. तो बघितला, छान होता. कल्पाचे दोन दिवसही मजेत गेले, पण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सिमल्याच्या पुढं नारकंड्याचा टप्पा मात्र वाईट. तिथं रस्ता २,७०० मीटरवर जातो आणि सावलीतल्या वळणांवर ब्लॅक आइस असतो. डांबर नुसतं ओलसर दिसतं, प्रत्यक्षात वर काचेसारखा पातळ बर्फ. आमची गाडी ताशी पंधराच्या वेगानं असताना आडवी झाली आणि कठड्याच्या अलीकडं थांबली. निपाणीकर त्यानंतर तासभर काही बोलला नाही, आणि तो गप्प बसणं ही गोष्ट निपाणीत कुणाला सांगितली तर पटायची नाही. बर्फ पडून गेला असेल तर ड्रायव्हरला बसंतपूर-सुन्नीवरून खालच्या रस्त्यानं काढायला सांगा. तो खाली सतलजच्या काठाकाठानं जाऊन पुढं रामपूरच्या वाटेला मिळतो. वेळ जास्त लागतो, लागू दे. नारकंडा पार करायचंच असेल तर ऊन पडल्यावर दहा ते तीनच्या मध्ये करा.

आता काझा.

हॉटेल नवं होतं. सिमेंटचा स्लॅब, आतून प्लायवूड आणि समोर भिंतभर काच. काचेतून डोंगर दिसत होते म्हणून आम्ही खूश. ‘सेंट्रली हीटेड’ म्हणजे खोलीतला एक ऑइल हीटर, हे संध्याकाळी कळलं. तो विजेवर चालतो. वीज सातला गेली. मग मॅनेजर म्हणाला, बुखारी आहे, तिचे वेगळे सहाशे. बुखारी म्हणजे पत्र्याची शेगडी, तिचा धुराडा छतातून बाहेर काढलेला. आपल्या बंबाची चुलत बहीणच म्हणा, फक्त ही पाण्याऐवजी खोली तापवते. सहाशे दिले. मग कळलं की सहाशे नुसत्या बुखारीचे. लाकडाची बादली तीनशेला.

बादलीत सात-आठ ढलप्या. खानापूरकरानं एक हातात घेतली, वजन बघितलं, टोकाला नख लावलं आणि म्हणाला, “ओलं हाय की वो हे.” त्याचं आयुष्य जंगलाच्या कडेला गेलंय, त्याला लाकूड कळतं. ओलं लाकूड आधी स्वतःतलं पाणी उकळवण्यात उष्णता घालवतं, मग काही उरलं तर तुम्हाला देतं. पहिली बादली चाळीस मिनिटांत संपली. पत्रा लालबुंद झाला, आम्ही जॅकेटं काढली, आणि विझल्यावर पंधरा मिनिटांत तोंडातून वाफ निघू लागली. पत्रा उष्णता धरून ठेवत नाही आणि ती भिंतभर काच रात्रभर घर उघडं टाकल्यासारखं काम करते. पहाटे फोनवर उणे १९ दिसत होतं. उशाजवळच्या बाटलीतल्या पाण्याचा गोठून दगड झालेला.

लाकूड महाग असण्यावर माझी तक्रार नाही. स्पिती म्हणजे थंड वाळवंट, नदीकाठची विलो-पॉप्लर सोडली तर झाड दिसत नाही. जळण खालून ट्रकनं येतं आणि गावकऱ्यांना सरकारी सवलतीत मिळणारा साठा हिवाळ्याआधीच भरून ठेवावा लागतो. पण महाग विकायचं तर सुकं विका.

दुसऱ्या रात्री त्यांनी ‘स्वस्तातला उपाय’ म्हणून निखाऱ्यांची उघडी शेगडी खोलीत आणून ठेवली. आमच्या खानापूरकराला त्यात वावगं वाटलं नाही, त्याच्या घरी थंडीत शेगडी असतेच. पण त्याच्या घरावर मंगळुरी कौलं आहेत, फटींतून धूर, वारा, कधी कधी मांजरही ये-जा करतं. इथं दारं-खिडक्या चिंध्या कोंबून बंद केलेल्या. अशा खोलीत जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही. डोकं दुखतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. शेगडी तेवढ्या थंडीत उचलून बाहेर ठेवली. धुराडं नसलेली कुठलीही आग झोपायच्या खोलीत नको, मग यजमान कितीही प्रेमानं देऊ दे. बुखारी असली तरी धुराड्याचे सांधे बघून घ्या आणि वाऱ्याला बोटभर फट ठेवा. बेळगावात परतल्यावर आधी घरच्या बाथरूमची खिडकी उघडी राहील अशी केली. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर हाच प्रकार करतो.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं आम्हाला काझाच्या वरच्या अंगाला एका घरी नेलं. खरी सहल तिथून सुरू झाली.

मातीच्या विटांचं घर, भिंती दीड हात जाड, खिडक्या लहान आणि जवळजवळ सगळ्या दक्षिणेला. खाली जनावरं, त्यांची ऊब वर येते. घरात पाच खोल्या, पण हिवाळ्यात वापरात एकच. मधोमध लोखंडी तंदूर, म्हणजे बुखारीचंच भाऊबंद, पण वर भांडी ठेवायला झाकणाची भोकं. त्याच्याभोवती आजी, सून, नातवंडं, दोन कोकरं आणि आता आम्ही तिघं. स्वयंपाक, अभ्यास, झोप सगळं तिथंच. बाकीच्या खोल्या गोठू देतात, तिथं कुणी जातच नाही. चार दिवस बघून मला कळलं ते असं: हे लोक घर गरम ठेवतच नाहीत, एक खोली गरम ठेवतात. आम्ही तिघांनी काझात एकेकाची वेगळी खोली मागितली होती.

आजी तंदुरात लाकूड कसं घालते ते मी नीट बघत बसलो. आधी दोन बारीक काटक्या, वर शेणाची गोवरी, आणि आग धरली की धुराड्यातली झडप पाऊण बंद. ज्वाळा दिसेनाशी होते, पण तंदूर दोन तास धगधगत राहतो. आम्ही हॉटेलात झडप सताड उघडी ठेवून तीनशे-तीनशे रुपये आभाळात सोडत होतो. रात्री शेवटची गोवरी राखेत पुरून ठेवायची, सकाळी तीच फुंकायची. आमच्या आजोळी चुलीत असाच विस्तव राखायचे, हे तिथं आठवलं.

बेळगावहून कुंद्याचा डबा नेला होता. त्याची वीट झालेली, सुरा लागेना. आजीनं डबा तंदूरच्या कडेला ठेवला, दहा मिनिटांनी तूप सुटलं आणि नातवंडांनी बोटांनी संपवला. मोठा डबा न्या.

एका रात्री बर्फ पडला. पहाटे घरातले सगळे छपरावर, हातात लाकडी फावडी. मी विचारलं, छप्पर सपाट का? आमच्या खानापूर-कणकुंबीत पाऊस एवढा की कौलाला उतार नसेल तर घर टिकत नाही. इथं पाऊस जवळपास नाहीच, आणि सपाट छपरावर चारा, जळण ठेवता येतं, उन्हात बसता येतं. पण छप्पर मातीचं. बर्फ ऊन लागून वितळायच्या आत लोटला नाही तर घर गळतं. मी मदतीला गेलो. वीस फावडी मारली आणि वाकून उभा राहिलो. खानापूरकरानं पन्नास मारली, ते तो आता सगळ्यांना सांगत फिरतोय.

संडास कोरडा असतो. वरच्या मजल्यावर भोक, शेजारी राखमातीचा ढीग, वर दोन फावडी टाकायची. वास येत नाही आणि वसंतात त्याचं खत शेतात जातं. हॉटेलातल्या कमोडचा पाइप पहिल्या रात्रीच गोठला होता, आणि त्याचं पुढं काय झालं ते इथं लिहीत नाही. कोरडा संडास उत्तम, लाजू नका.

आणखी काही. स्वतःची डिझेल गाडी नेत असाल तर खालचं डिझेल टाकीत भरून वर जाऊ नका, थंडीत त्यातलं मेण जमतं. इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलंय, ते मिळेल तिथं घ्या. रात्री हँडब्रेक ओढू नका, गोठून चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. फोन आणि पॉवर बँक पांघरुणात घ्या. गरम पाण्याची रबरी पिशवी घरून न्या. माझ्या मते ती दोन महागड्या जॅकेटांना भारी आहे. भात मात्र कुकरशिवाय शिजत नाही, त्या उंचीवर पाणी नव्वदच्या आतच उकळतं. वर पोहोचल्यावर पहिला दिवस नुसतं बसा.

घरी राहण्याचे पैसे त्यांनी माणशी जेवणासकट सांगितले ते हॉटेलच्या निम्म्याहून कमी होते. घासाघीस करू नका, उलट जळणाचे म्हणून वर काहीतरी ठेवा. आम्ही ठेवले तर आजीनं वाळलेल्या जर्दाळूंची पुरचुंडी हातात दिली.

हॉटेलचं बिल अजून पाकिटात आहे. बुखारी दोन रात्री बाराशे, लाकूड चार बादल्या बाराशे. परवा खानापुरात मित्राच्या वडिलांना ते दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, दोनदा वाचलं आणि विचारलं, “शिसवाचं होतं काय रे?”