वेलिंग्टनचे काका

"अगं आई, तो बघ काका!" लेक ओरडली. मी रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कुणीच नव्हतं. काका डोक्यावरच्या फांदीवर बसले होते, तपकिरी अंगाचे, दांडगे, आणि वाकड्या चोचीने साल सोलत होते. काका म्हणजे इथला, न्यूझीलंडचा, मूळचा पोपट. इथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत पोपटाला काकाच म्हणतात. पुढचे तीन आठवडे या नावावरून आमच्याकडे एकही विनोद व्हायचा राहिला नाही.

लेक वेलिंग्टनच्या कारोरी भागात राहते. इथून काका पक्षी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नाहीसे झाले होते. ते परत कसे आले हे बघायला आम्ही झीलँडिया या अभयारण्यात गेलो. पूर्वी शहराला पाणी पुरवणाऱ्या जुन्या धरणांची ही दरी, 225 हेक्टरची. 1999 मध्ये तिला 8.6 किलोमीटरचं कुंपण घातलं. माणसापेक्षा उंच, बारीक जाळीचं, वर पत्र्याची गोलसर टोपी, म्हणजे मांजर चढलं तरी घसरून पडावं. दाराशी पिशव्या तपासायला सांगतात, आत चुकून उंदीर नको म्हणून. माझ्या पिशवीत बेसनाचे लाडू होते. उंदराने आत बसायला कारण होतं खरं.

एवढं सगळं कशासाठी? माणूस येण्यापूर्वी या देशात जमिनीवरचा सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघूळ. पक्ष्यांना भीती वरून झडप घालणाऱ्या पक्ष्यांची, म्हणून धोका दिसला की स्तब्ध राहायचं. वास काढत येणाऱ्या उंदरापुढे ही युक्ती काय कामाची? गोऱ्यांनी ससे आणले, सशांना आवरायला मुंगसासारखे स्टोट आणले, आणि स्टोटांनी पक्ष्यांचा फडशा पाडला. (आपली साळुंकीही इथे आणून सोडलेली आहे. उत्तरेत लोक तिच्या नावाने बोटं मोडतात. मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं.)

कुंपणाआडचे शिकारी प्राणी संपवले, देशी झाडं लावली आणि 2002 पासून मोजके काका आणून सोडले. उंदरांना कुंपण आहे, पंखांना नाही. काका आणि मध पिणारे तुई पक्षी आता शहरभर फिरतात. केरेरू हे गलेलठ्ठ कबूतर फळं अख्खी गिळतं आणि बिया भलतीकडे टाकून येतं, म्हणजे लावणीचं कामही तेच करतं.

मला मात्र कुंपणापेक्षा कुंपणाबाहेरचं जास्त आवडलं. लेकीच्या परसात पिवळ्या फुलांचा कोव्हाय आहे, कडेला घायपातीसारखी पानं असलेलं हाराकेके. त्याच्या फुलातला मध पिऊन तुई कपाळाला केशरी पराग लावून येतो, गंध लावल्यासारखा. उत्तरेला गाडीने गेलो तेव्हा मेंढ्यांच्या कुरणात ओढ्याकाठी तार घालून तेच हाराकेके लावलेलं दिसलं. सांगलीकडच्या आमच्या बांधावर बोरी-बाभळी होत्या, विहिरीवर सुगरणीचे खोपे लोंबायचे. उसाला सावली पडते म्हणून आम्हीच त्या तोडल्या. कुऱ्हाड ह्यांच्या हातात होती, पण चहा मी नेऊन दिला होता.

काकांचं सगळ्यांनाच कौतुक आहे असंही नाही. ते झाडं सोलतात, छपरावरचं शिसं चावून आजारी पडतात. लोक प्रेमाने शेंगदाणे घालतात, त्याने पिल्लांची हाडं ठिसूळ होतात. पाहुण्यांना आग्रह करायची खोड आपलीच असं मला वाटत होतं.

परसाच्या कोपऱ्यात लाकडी पेटी आहे, आत पीनट बटर लावलेला सापळा. या गल्लीत बऱ्याच घरी आहे. निघायच्या आदल्या सकाळी त्यात उंदीर सापडला.

"आई, तू बघू नकोस."

मी बघितलाच. लहानसा होता. गणपतीची आरती झाल्यावर मी हळूच हात जोडले. बाहेर कोव्हायवर तुईने खाकरल्यासारखं करून गायला सुरुवात केली होती.