आधी काम, मग अधिकार : आमची वाटचाल

देवगडात आम्ही आंबा बागायतदारांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवतो. किती पेट्या वाशीला गेल्या, दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, काय आली, फवारणीवर आणि राखणीवर किती खर्च झाला, याची नोंद. कोड पहिल्यापासून खुला ठेवला, कारण उद्या आमचं ऑफिस बंद पडलं तरी बागायतदाराचा हिशोब अडकू नये. आम्हाला पैसे मिळतात ते बसवून देण्याचे, शिकवण्याचे आणि हंगामात वेळेवर फोन उचलण्याचे.

तिघेच होतो तोवर तिघांकडेही कोडवरचे सगळे अधिकार होते. मग मालवणचे विद्यार्थी आले, मुंबईचे चाकरमानी आले, आणि कोणाला काय करता यावं हे ठरवणं भाग पडलं. आमचा कोड जिथे ठेवलाय त्या गिटहब या संकेतस्थळावर अधिकारांच्या पाच पायऱ्या आहेत: रीड, ट्रायज, राइट, मेंटेन, अ‍ॅडमिन. माझ्या मते सगळ्यात मोलाची ट्रायज. तिथे कोडला हात लागत नाही, पण आलेल्या तक्रारींना लेबल लावता येतं, दुबार तक्रारी बंद करता येतात, योग्य माणसाकडे सोपवता येतात. ज्याला कोड येत नाही पण बागायतदाराची अडचण नेमकी कळते, त्याला ही पायरी आम्ही लगेच देतो.

राइट, म्हणजे कोड बदलण्याचा अधिकार, मिळाला तरी मुख्य शाखेत, म्हणजे मूळ कोडमध्ये, थेट काही जात नाही. दुसऱ्याची मंजुरी लागते, आणि पट्टीच्या गणिताच्या फाइलींना कोडओनर्समध्ये, म्हणजे कोणती फाइल कोणाच्या जबाबदारीत याच्या यादीत, नेमलेल्या माणसाचीच. मालक म्हणून मलाही यातून सूट नाही.

अ‍ॅडमिन दोघेच. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात किनाऱ्यावरच्या गावांची वीज गेली, तेव्हापासून त्यातला एक पुण्याचा असतो.

मार्च 2024 मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरचं प्रकरण उघडकीस आलं, ते मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. जिया टॅन या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ नीट काम करत राहिलं. मूळ मेंटेनर, म्हणजे ते सॉफ्टवेअर सांभाळणारा, एकटा आणि थकलेला. अधिकार वाटून द्यावेत म्हणून दुसऱ्या खात्यांवरून त्याच्यावर दबाव आला. अधिकार हाती आल्यावर रिलीजमध्ये, म्हणजे लोकांना दिल्या जाणाऱ्या नव्या आवृत्तीत, चोरदरवाजा घातला गेला. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात शिरण्याच्या सोयीने, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकलं, म्हणून तो सापडला. नुसती वर्षं मोजून विश्वास ठरवता येत नाही. म्हणून आमच्याकडे रिलीज दोघांच्या हातून होतं, आणि थकलेल्या माणसाचं काम वाटून घेणं हे आम्ही सुरक्षेचंच काम धरतो.

अधिकार काढणं सगळ्यात नाजूक. शिमग्यात पालखीचे मान पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्यात राहतात. कोडवरचा अधिकार तसा ठेवता येत नाही. वर्षभर काम नसेल तर आधी फोन करतो, मगच काढतो. नाव यादीत राहतं, आणि माणूस परतला की अधिकारही परत मिळतो. एप्रिल-मेमध्ये आमचे बरेच जण बागेत असतात, म्हणूनच मुदत वर्षाची.

वेंगुर्ल्याची एक मुलगी ट्रायजपासून सुरू झाली, आज पट्टीच्या गणिताची मंजुरी तिच्याकडे आहे. आता काजूचा हिशोब जोडतोय. त्या फाइलींना अजून माणूस नेमलेला नाही. काजू बागायतदाराच्या घरातलं कोणी पुढे आलं तर हवंच आहे.