पेअरची अढी आणि ओटीजीतल्या वड्या

पुण्यात पेअर हे आजारी माणसाचं फळ. दवाखान्यात भेटायला जाताना मोसंबी, सफरचंद आणि पिशवी भरलेली दिसावी म्हणून दोन पेअर. मोसंबीचा रस पेशंट पितो, सफरचंद भेटायला आलेल्यांना कापून दिलं जातं आणि पेअर घरी परत येऊन फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पडून राहतात. कोणी कापलेच तर तिखटमीठ लावून, करकरीत, दात शिवशिवतील असे. 'याला चवच नसते' हा शेरा आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात राहायला गेल्यावर माझं मत पार उलटं झालं, आणि यंदा गणपतीला कोथरूडला आले तेव्हा मी आईचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) पेअरच्या वड्या भाजण्यासाठीच माळ्यावरून खाली काढला.

आधी तिकडचं सांगते. आम्ही पोर्टलंडला असतो. तिथून पूर्वेला, कोलंबिया नदीच्या काठाकाठाने साधारण तासभर गेलं की हूड रिव्हरचं खोरं लागतं. समोर माउंट हूड, उंची ३,४२९ मीटर, भर उन्हाळ्यातही माथ्यावर बर्फ. आणि खाली नजर जाईल तिथे पेअरच्या बागा. अमेरिकेत पिकणाऱ्या ताज्या पेअरपैकी बहुतेक ऑरेगन आणि शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातले. ऑरेगनने २००५ साली पेअरला राज्याचं फळ म्हणूनच जाहीर करून टाकलं. या सगळ्या फळबागायतीचं मूळ सांगताना तिथले लोक हेंडरसन लुएलिंगची गोष्ट सांगतात. हा माणूस १८४७ साली आयोवातून बैलगाडीत मातीच्या खोक्यांमध्ये फळझाडांची शेकडो रोपं लावून निघाला, वाटेत महिनोन्‌महिने रोज त्यांना पाणी घालत राहिला आणि पोर्टलंडजवळच्या मिलवॉकीत त्याने रोपवाटिका काढली. सोबतचे लोक माणसांना पाणी पुरेना म्हणून वैतागलेले असणार, असं मला कायम वाटतं.

बार्टलेट जातीचा पेअर ऑगस्टमध्ये उतरायला लागतो. बऱ्याच बागांत आपल्या हाताने फळं तोडून, वजन करून, पैसे देऊन घरी न्यायची सोय असते. तीन पायांच्या शिड्या, वर चढलेले मेक्सिकन कामगार आणि त्यांच्या स्पॅनिश गप्पा. बागवाल्या आजीबाईंनी मला फळ तोडायला शिकवलं. पेअर ओढायचा नाही. तळहातात धरायचा आणि वर उचलून आडवा करायचा. तयार झालेला असेल तर देठ फांदीपासून टचकन सुटतो. नाही सुटला तर सोडून द्यायचा, त्याची वेळ झालेली नाही. मी उचलून आडवा केला, सुटला, आणि हातात आला तो दगड! हिरवा, टणक. मी म्हटलं, झाडावरच पिकू का देत नाही? त्या म्हणाल्या, झाडावर ठेवला तर पेअर आतून बाहेर पिकत येतो. बाहेरून मऊ लागेपर्यंत गाभ्याचा तपकिरी लगदा झालेला असतो, शिवाय गर रवाळ होतो. म्हणून तो पूर्ण वाढला की कच्चाच उतरवायचा आणि घरात पिकवायचा.

म्हणजे अढीच की! हापूसची पेटी आली की गवतात आंबे लावून ठेवणाऱ्या आणि रोज एकेक उलटून बघणाऱ्या आपल्या लोकांना हे शिकवायला खरं तर अमेरिका लागायला नको होती. पण आंब्याला आपण जो मान देतो तो पेअरला कधी दिलाच नाही. विकत आणला, धुतला, चावला.

पिकला की नाही हे पोटाला दाबून कळत नाही. पोट मऊ लागलं म्हणजे आत उशीर झालेला असतो. देठाजवळ, मानेपाशी अंगठ्याने हलकं दाबायचं. तिथे किंचित दबला की खायला तयार. रंगावर सगळ्याच जातींत विसंबता येत नाही. बार्टलेट हिरव्याचा पिवळा होतो, पण अंजू नावाची हिरवी जात पिकल्यावरही हिरवीच राहते. अंजूला आधी काही आठवडे थंडीत ठेवावं लागतं, त्याशिवाय तो धड पिकतच नाही. बॉस्क तपकिरी, लांब मानेचा. भट्टीत शिजूनही त्याच्या फोडी फोडीच राहतात, म्हणून बेकिंगवाल्यांचा लाडका. (बार्टलेटला युरोपात विल्यम्स म्हणतात. अमेरिकेत ज्याने तो विकला त्याने स्वतःचं नाव लावलं आणि तेच चिकटलं. धंदा म्हणजे धंदा.)

आता पुणे. श्रावण-भाद्रपदात मंडईत काश्मीर-हिमाचलचा बाबूगोशा, म्हणजे पिकल्यावर मऊ होणारा पेअर, येतो. गणपतीच्या आदल्या आठवड्यात तिथे जाणं म्हणजे शौर्यच, पण गेले. फळवाल्याने एक उचलून गाड्यावर ठक्‌ ठक्‌ आपटून दाखवला. "बघा ताई, कसा कडक माल आहे."

"पिवळे नाहीत का?"

"पिवळे कोण घेतं? लोक म्हणतात नासलेत." आणि मग खालून एक पाटी ओढली. त्यात सोनेरी पिवळे, किंचित सुरकुतलेले, मस्त वासाचे बाबूगोशे. "हे बाजूला काढलेत. घ्यायचे असतील तर अर्ध्या भावात देतो."

पुणेकर पूर्ण भाव देऊन कच्चे नेतात आणि पिकलेले अर्ध्या भावात पडून राहतात. मी दोन्ही घेतले. पिकलेले खायला, कडक वड्यांना. एक खबरदारी मात्र सांगते: पंजाबकडून येणारी गोल, जाड सालीची, पिकली तरी करकरीत राहणारी नाशपाती वेगळी. ती कितीही दिवस ठेवलीत तरी लोण्यासारखी होणार नाही. ती तिखटमिठाबरोबरच बरी.

घरी कडक फळं खाकी पिशवीत घातली, सोबत एक पिकलेलं केळं आणि पिशवीचं तोंड दुमडलं. केळ्यातून इथिलीन वायू सुटतो, त्याने पेअर लवकर पिकतो. पुण्याच्या उकाड्यात रोज मान दाबून बघा, नाहीतर हुकेल. वड्यांसाठी अगदी रसाळ नको, मान जेमतेम दबायला लागली की बास.

अमेरिकेत याला 'बार' म्हणतात. ट्रेमध्ये तळाला पीठ थापायचं, वर फळ, त्यावर पुन्हा भुगा, आणि भाजून वड्या पाडायच्या. केकचं नाजूक काम नाही, फुगणं-बसणं नाही, अंडं नाही. ऑफिसच्या पार्टीला, शाळेच्या विक्रीला, नवीन शेजारी आले तर त्यांच्या दारात, सगळीकडे हेच जातं, कारण डब्यात रचता येतात आणि हातात धरून खाता येतात. माझ्या दोनच तक्रारी. एक, साखर बेसुमार. दुसरी, दालचिनी. सप्टेंबर उजाडला की ते लोक दालचिनी सोडून दुसरा मसालाच ओळखत नाहीत. पेअरचा वास मुळात हलका, फुलासारखा. दालचिनी त्याला बोलूच देत नाही. मी आलं आणि जायफळ घालते. पुरणासाठी जायफळ प्रत्येक घरात असतंच.

आठ इंची चौकोनी टिनाचं माप असं. १२५ ग्रॅम मैदा (अर्धी कणीक चालते), ९० ग्रॅम ओट्स, १०० ग्रॅम गुळाची पावडर, पाव चमचा खायचा सोडा. ओट्स जाड चपटे घ्या. झटपट शिजणाऱ्या ओट्सचं पीठ होतं. बाबांच्या कोलेस्टेरॉलसाठी आणलेला आणि दोनदाच उघडलेला डबा आमच्याकडे तयारच होता. तिकडच्या पाककृतींत लोणी 'एक स्टिक' असतं, म्हणजे ११३ ग्रॅम. इथे अमूलची १०० ग्रॅमची वडी वितळवा आणि वर मोठा चमचाभर तूप. बटर खारट असल्याने वेगळं मीठ नको. सगळं कालवलं की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने ढकलल्यावर फुटावा, एवढंच ओलं हवं.

यातला दोन तृतीयांश भाग टिनात बटर पेपर घालून वाटीच्या बुडाने घट्ट थापायचा. कागदाच्या कडा बाहेर लोंबत ठेवा, नंतर अख्खी लादी उचलता येते. हा तळ आधी १७५ अंशांवर दहा-बारा मिनिटं नुसताच भाजून घ्यायचा. पेअरमध्ये चार पंचमांशाहून जास्त पाणीच असतं; कच्च्या पिठावर ते सुटलं की खाली चिकट थर बसतो. तोवर साल काढून साडेचारशे ग्रॅम पेअरच्या बारीक फोडी करायच्या (साल भाजून चिवट होते), त्यांना लगेच अर्ध्या लिंबाचा रस चोळायचा म्हणजे काळ्या पडत नाहीत. दोन मोठे चमचे साखर, छोटा चमचाभर किसलेलं आलं, चिमूट-दोन चिमूट जायफळ आणि मोठा चमचाभर कॉर्नफ्लॉवर. हा शेवटचा विसरू नका. सुटलेला रस तोच धरून ठेवतो. फोडी पसरा, उरलेला भुगा वरून मोकळ्या हाताने भुरभुरवा, दाबू नका. मग ३५ ते ४० मिनिटं.

ओटीजीबद्दल थोडं. वरची-खालची दोन्ही कॉइल चालू, टिन मधल्या कप्प्यात. लहान ओटीजीत वरची कॉइल फार जवळ असते आणि गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो, तेव्हा पंचविसाव्या मिनिटाला डोकावा. वर रंग आला असेल तर अॅल्युमिनियम फॉइल झाका. कडेने रस बुडबुडायला हवा, आणि तो बुडबुडा पाण्यासारखा पातळ नाही, पाकासारखा जड, सावकाश फुटणारा हवा. तो दिसला की झालं. आणि गुरुवारी हा उद्योग काढू नका. आईकडे गुरुवार हा दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार, आणि अर्धवट भाजलेल्या तळाला दुसरा जन्म नसतो.

खरी परीक्षा नंतर. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही. गरम कापलंत तर चमच्याने खायचा शिरा होतो. (तोही वाईट लागत नाही, पण मग वड्या म्हणू नका.) दोन तास बाहेर, तासभर फ्रीजमध्ये, मग कागदासकट उचलून पोळपाटावर आणि सोळा तुकडे. भाद्रपदाच्या दमट हवेत बाहेर एक दिवस, फ्रीजमध्ये चार.

सदाशिव पेठेतून आलेल्या आत्याने आधी स्वयंपाकघरातले पिवळे बाबूगोशे पाहिले. "अगं, नासलेत हे, टाकून दे." तिला एक कापून दिला. रस मनगटापर्यंत ओघळला, तिने पदराने पुसला आणि काही न बोलता दुसरा घेतला. वडीवरचा अभिप्राय मात्र रीतसर मिळाला: "बरी झालीये. गोड थोडं कमी असतं तर आणखी बरी झाली असती." सदाशिव पेठेत याहून मोठं प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून मी गूळ ८० ग्रॅमवर आणला, तुम्हीही आणून बघा. आईचं म्हणणं वेगळं होतं, जायफळ अजून चालेल. बाबांनी ओट्स असल्यामुळे हे पथ्याचंच आहे असं जाहीर करून रोज चहाबरोबर दोन-दोन खाल्ल्या.

बाबूगोशांचा हंगाम गेला की सिमल्याची सफरचंदं वापरा. ती जास्त घट्ट, तेव्हा फोडी आणखी बारीक करा आणि भाजायला पाच मिनिटं वाढवा. कॉर्नफ्लॉवर निम्मा पुरतो. अननस घालायचा तर आधी कढईत आटवून घ्या. सीताफळाचे होतील का, असं आतेबहिणीने विचारलंय. बिया काढत बसायची तयारी असेल तर तिने जरूर करावेत आणि मला खायला बोलवावं.