तुम्ही विचारलंत म्हणून : चिखली का सोडत नाही?

‘घरात पुराचे पाणी येते, सोनतळीला भूखंडही मिळाला आहे, मग तुम्ही चिखली सोडत का नाही?’ हा प्रश्न कोल्हापुरातल्या सहकाऱ्यांनी आणि पाहुण्यांनी इतक्यांदा विचारला आहे की आता एकदाच नीट लिहितो.

चिखली हे कोल्हापूरजवळचे आमचे पंचगंगाकाठचे गाव. सोनतळीचा भूखंड १९८९ च्या पुरानंतर पुनर्वसनासाठी मिळाला, हे खरे आहे. त्यावर आमच्या दोन खोल्या आहेत; पण तीन भावांचे संसार, गोठा आणि वैरण त्यात मावत नाही, आणि पहाटे धार काढून डेअरीला दूध घालायचे तर जनावर वैरणीजवळच हवे. वैरण नदीकाठी आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांची पंचगंगा होते ती इथेच, आमच्या प्रयाग संगमावर. जी माती आम्हाला पोसते तीच पुराच्या वाटेत आहे. शहरात पूररेषेत भराव टाकून इमारती उठल्या, त्यांत राहणाऱ्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही. महापुरात बालिंगा आणि शिंगणापूरचे पंप बुडून शहर पिण्याच्या पाण्याला महाग झाले, तेव्हा शहर हलवा असेही कोणी म्हटले नाही.

ऑगस्ट २०१९ बद्दल मात्र मला असे बोलता येत नाही. पंचगंगेची पातळी जिथे मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली होती आणि गाव सोडा म्हणून सांगूनही झाले होते. आमच्या सोप्याच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची रेघ होती. ‘पाणी या रेघेवर जाणार नाही,’ असे मीच आप्पांना ठामपणे सांगितले आणि सगळ्यांना थांबवले. त्या रात्री रेघ बुडाली. सकाळी बोट आली ती फक्त माणसांसाठी. आप्पा गोठ्यातल्या मेढीला धरून उभे होते. ‘म्हशी बांधून मी येत न्हाई,’ एवढेच ते म्हणत होते. भिजून दाव्यांच्या गाठी आवळल्या होत्या, म्हणून मी विळ्याने तिन्ही दावी कापली. दोन म्हशी पोहत निघाल्या आणि पुढे सापडल्या. तिसरी गाभण होती. ती गव्हाणीवर हनुवटी टेकून तशीच उभी राहिली. पाणी उतरल्यावर ती गोठ्यातच मिळाली. आप्पा अजूनही विचारतात, ‘तिचं दावं कापलं हुतंस न्हवं?’ कापले होते. पण आदल्या संध्याकाळी तिला चालवत सोनतळीला नेता आले असते, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही.

२०२१ च्या जुलैत पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागताच आम्ही जनावरांसह निघालो. त्या वर्षी पंचगंगा ५६ फूट ३ इंचांवर गेली, म्हणजे २०१९ च्या ५५ फूट ७ इंचांच्याही वर, तरी आमचे एकही जनावर दगावले नाही. वेळेवर निघाले की गाव कायमचे सोडायची गरज नाही, असे मी तेव्हा सर्वांना सांगत होतो. पण घरी परतल्यावर उसाचे पोंगे, म्हणजे शेंड्याची कोवळी पाने, उपटून पाहिले, तर हातात कुजलेला, वास मारणारा गाभा आला. घरातला गाळ आम्ही पुन्हा घमेल्यांनी काढला. तेव्हा ‘कायमचेच का नाही?’ असे मी स्वतःलाच विचारले. उत्तर सापडले नाही.

या जूनमध्ये वैरणीची पहिली गाडी सोनतळीला टाकून आलो आहे. आप्पांनी मात्र आपले अंथरूण अजून चिखलीतच ठेवले आहे, गोठ्याच्या दाराशी.